पुढं सरकून ऐकायचा अल्बम

१९९९ च्या मे महिन्यातली दुपार. मिरजेच्या घरात माजघरात सतरंजीवर पडून मी टेपरेकॉर्डर ऐकत होतो. पुण्याला कॉलेजात माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राचा भाऊ शिकागोला शिकत होता. त्यानं पाठवलेल्या सीडीवरून आम्ही एक अल्बम टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला होता. एका बाजूत अख्खा बसला आणि वर थोडी फीत रिकामी उरली. तिसरं गाणं लागलं होतं. ड्रम नाहीत. गिटार, आणि कुणीतरी शेजारी बसून दबक्या आवाजात काहीतरी सांगतोय. शब्द कळेनात म्हणून मी आवाज वाढवला. तरी कळेनात म्हणून आणखी वाढवला. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "कोण आलंय रे? बोलतंय कोण?"

"कुणी नाही, गाणं आहे," असं मी म्हणतोय तोवर त्याच गिटार अशा कडाडल्या, की आतल्या खोलीत वामकुक्षी घेणारे आजोबा उठून बसले.

अल्बमचं नाव 'स्पायडरलँड' आणि बँडचं नाव स्लिंट. मी आज पंचवीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करतो. भावगीतं, नाटकांचं पार्श्वसंगीत, कीर्तनं, कॉलेजातल्या पोरांचे बँड, सगळं रेकॉर्ड केलंय. त्या दुपारी आईला घरात माणूस आल्याचा भास झाला, तेव्हापासून मला एका प्रश्नानं धरून ठेवलं आहे. आवाज इतका जवळचा वाटावा असं त्या लोकांनी नेमकं काय केलं होतं? आणि इतकं जवळचं काही घडलेलं असताना ते लोकांपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली?

अमेरिकेत केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठी लुइव्हिल नावाचं शहर आहे. घोड्यांच्या डर्बीसाठी आणि मुहम्मद अलीचं जन्मगाव म्हणून ते आपल्याकडे ऐकून माहीत असतं. या शहरातली दोन पोरं, ब्रायन मॅकमहान आणि ब्रिट वॉलफर्ड, शाळेपासूनची दोस्त. मिसरूड फुटायच्या आतच ती बँडमधून वाजवायला लागली होती. त्यांना डेव्हिड पाहो हा गिटारवाला आणि ईथन बकलर हा बेसवाला मिळाला आणि स्लिंट उभा राहिला. वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्यांची तालीम चाले. पहिल्या अल्बममधल्या गाण्यांना त्यांनी आपापल्या आईवडिलांची नावं दिली. एक नाव कुत्र्याचंही होतं. तो अल्बम 'ट्वीझ'. १९८७ मध्ये स्टीव्ह अल्बिनीनं तो रेकॉर्ड केला आणि १९८९ मध्ये एका मैत्रिणीच्या नावानं काढलेल्या चिमुकल्या लेबलवर तो आला. रेकॉर्डिंग पसंत न पडल्यानं बकलर बाहेर पडला आणि त्याच्या जागी टॉड ब्रॅशिअर आला.

स्लिंट हा 'इंडी' बँड. इथं या शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण आज तो कुठल्याही गिटारवाल्या गाण्याला चिकटवतात. मुळात तो व्यवहाराचा शब्द आहे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या कलावंताला आगाऊ पैसे देतात, मग स्टुडिओ, व्हिडिओ असा बराचसा खर्च त्याच्याच नावावर चढवतात आणि तो फिटेपर्यंत त्याच्या हाती काही येत नाही. याच्या बाहेर राहून स्वतंत्रपणे चालणारी लेबलं ती 'इंडिपेंडंट', म्हणजे इंडी. शिकागोचं 'टच अँड गो' हे त्यातलं मानाचं नाव. ते चालवणारा कोरी रस्क लेखी करार करत नसे. शब्द द्यायचा, हात मिळवायचा, खर्च वजा जाता नफा अर्धा बँडचा, अर्धा लेबलचा. आपल्याकडे दोन भाऊ मिळून शेत करतात, तसा हा हिशेब. 'स्पायडरलँड' याच लेबलवर निघाला. पैसा थोडा होता, जाहिरात जवळजवळ नव्हती, पण पोरांनी काय वाजवावं हे सांगायला कुणी नव्हतं.

ऑगस्ट १९९० मध्ये ही विशी-बाविशीतली चौघं शिकागोच्या रिव्हर नॉर्थ स्टुडिओत गेली. ध्वनिमुद्रक ब्रायन पॉलसन. चार दिवसांत अल्बम पुरा झाला. वाजवणं त्यांनी तळघरात महिनोन्‌महिने घोटून घोटून पक्कं केलं होतं, पण शब्द बरेचसे अखेरच्या घडीला उतरले. पॉलसननं बँडला एकत्र वाजवू दिलं आणि जे वाजलं ते थोडक्या टेकमध्ये जसंच्या तसं पकडलं.

माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, यातलं 'जसंच्या तसं' फार अवघड असतं. गाण्यातला हळू भाग वर ओढायचा आणि जोरातला भाग दाबायचा, म्हणजे सगळं एका पातळीवर येतं, याला आम्ही कॉम्प्रेशन म्हणतो. ते केलं की गाणं रिक्षात, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, कुठंही सारखंच ऐकू येतं. रेडिओला असंच गाणं लागतं. 'स्पायडरलँड'मध्ये हळू ते हळूच आहे आणि जोरात ते जोरातच. कुजबुज ऐकायची तर तुम्ही स्वतः पुढं सरकायला हवं, नाहीतर आवाज तरी वाढवायला हवा. आणि तुम्ही जवळ आलात, की गिटार कडाडतात. आमच्या आजोबांची झोप मोडली ती अशी.

अल्बममध्ये सहाच गाणी आहेत, मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. गाणी म्हणायची खरी, पण गाणं असं थोडंच आहे. मॅकमहान बहुतेक ठिकाणी बोलतो, गोष्ट सांगतो. पहिल्या गाण्यात एक तरुण जत्रेत जातो, भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तंबूत शिरतो आणि भविष्य राहतं बाजूला, दोघं रोलरकोस्टरमध्ये जाऊन बसतात. दुसरं गाणं १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातल्या रक्तपिपासू पिशाच्चावरून सुचलेलं. आई बाहेर आली ते तिसरं, 'डॉन, अमन'. त्यात पार्टीत माणसांच्या गराड्यात एकटा पडलेला एक जण उठून बाहेर अंधारात येतो. वॉलफर्ड एरवी ड्रमवर, इथं मात्र बोलणारा तोच आहे. चौथं 'वॉशर' हे सगळ्यांत लांब आणि एवढ्या एकाच गाण्यात मॅकमहान खऱ्या अर्थानं गातो. पाचव्यात शब्दच नाहीत. आणि शेवटचं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'.

मी लहानपणी मिरजेत तबला शिकलो. त्यामुळं कुठलंही संगीत कानावर आलं की माझी बोटं मांडीवर मात्रा मोजू लागतात. रॉक म्हटलं की चार, आठ, सोळा असा सरळ हिशेब मी धरून चाललो होतो. या कॅसेटच्या पहिल्या गाण्याला बोटं अडखळली. पुन्हा मोजलं. सात. ठेका रूपकाचा नव्हे, पण मात्रा सातच. दुसऱ्या गाण्यात आणखी घोटाळा झाला, तिथं कडव्यात पाच आल्या. केंटकीतल्या तळघरात वाढलेल्या पोरांना रूपक किंवा झपताल ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण विषम मात्रांत एक पाऊल नेहमी अधांतरी राहतं, ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही, हे त्यांना वाजवता वाजवता सापडलं होतं. आमचे गुरुजी म्हणायचे, समेची वाट पाहायला लावता आली पाहिजे. ते पहिलं गाणं तीच वाट पाहायला लावतं. कसरत म्हणून सातात वाजवणारे पुष्कळ भेटतात. इथं जत्रेतल्या रोलरकोस्टरचा डबा चढणीवरून सरकतोय आणि पोटात गोळा येतोय, तो गोळा त्या सात मात्रांत आहे.

शेवटच्या गाण्यात जहाज बुडून एकटा वाचलेला कप्तान एका घराच्या दारात येऊन उभा राहतो. आत एक लहान मूल आहे. इंग्रजी कवी कोलरिज यांच्या म्हाताऱ्या खलाशाच्या दीर्घ कवितेशी लोक त्याची तुलना करतात. दोन स्वरसंगतींवर झुलणारी गिटार, तुटक ड्रम आणि बोलणारा तोच खालचा आवाज. बराच वेळ हे असं हेलकावत राहतं आणि अखेरीला मॅकमहान ओरडतो. इतका वेळ ज्याचा आवाज कानाशी होता, तो माणूस गिटारींच्या गदारोळावरून कुणाची तरी आठवण असह्य होऊन जिवाच्या आकांतानं हाक मारतो. ते रेकॉर्ड करताना ताणानं तो आजारी पडला होता. माझ्या माइकसमोर उत्तमोत्तम गळे उभे राहिले आहेत, तरी ही ओरड आली की मी आजही हातातलं काम थांबवतो. आधी इतका वेळ त्यानं आवाज जपून ठेवला, म्हणून तो इथं असा फुटतो.

अल्बमच्या वेष्टनावर कृष्णधवल छायाचित्र आहे. ओहायो नदीपलीकडं इंडियाना राज्यात युटिका इथं दगडाची एक जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. त्या पाण्यात चौघं पोहताहेत, फक्त डोकी वर, चेहऱ्यावर मिश्कील हसू. फोटो काढणारा त्यांचा मित्र विल ओल्डहॅम पुढं स्वतःच 'बॉनी प्रिन्स बिली' या नावानं गायक म्हणून गाजला. वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर बँडचं नाव मिरवलेलं नाही.

मार्च १९९१ मध्ये अल्बम दुकानात आला, तेव्हा बँड उरला नव्हता. काही महिने आधीच मॅकमहान बाहेर पडला होता आणि युरोपचा ठरलेला दौरा रद्द झाला होता. त्यामुळं गावोगाव जाऊन वाजवायला कुणी नाही, मुलाखत द्यायला कुणी नाही. त्याच महिन्यात आर.ई.एम. या बँडचा 'आउट ऑफ टाइम' आला, सप्टेंबरमध्ये निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड'. आपल्याकडंही त्याच वर्षी स्टार टीव्हीवरून एमटीव्ही दिसू लागला होता आणि जगभरचे कान दुसरीकडं वळले होते. अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकांनी या अल्बमची फारशी दखलही घेतली नाही. रॉबर्ट क्रिस्टगाव हे तिथले दबदबा असलेले समीक्षक. त्यांना ही मंडळी कलात्मक आव आणणारी वाटली, पण तो आव शेवटपर्यंत निभावण्याची हिंमत नसलेली. शब्दही त्यांना पटले नाहीत. मी ते मत फेकून देत नाही. कविता म्हणून कागदावर वाचाल तर हे शब्द पोरसवदाच आहेत. पण ते कागदासाठी लिहिलेलेच नव्हते. कुजबुजीत ते वेगळे होतात.

आणि मग ती एक समीक्षा. लंडनच्या 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात ३० मार्च १९९१ रोजी आली. लिहिणारा स्टीव्ह अल्बिनी, पहिला अल्बम रेकॉर्ड करणारा तोच. त्यानं या अल्बमला दहा तारे दिले, तेही मध्ये एक कचकचीत शिवी घालून. आणखी दहा वर्षांनी हा अल्बम मैलाचा दगड ठरेल, तेव्हा प्रत मिळवायला धावपळ करावी लागेल, त्यापेक्षा आत्ताच घेऊन ठेवा, असं त्यानं बजावलं. रेकॉर्डिंगबद्दल त्यानं जे म्हटलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. हे ध्वनिमुद्रण इतकं कोरडं आणि उघडं आहे, की आपण चोरून कुणाचं तरी बोलणं ऐकतोय असं वाटतं, आणि ड्रम आपल्याच बैठकीच्या खोलीत वाजताहेत असं वाटतं, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. ही समीक्षा मी पुष्कळ वर्षांनी वाचली आणि वाचताक्षणी आई दारात उभी राहिली. "बोलतंय कोण?" अल्बिनीचे शब्द आणि आईचा प्रश्न एकाच अनुभवाचे होते.

या समीक्षेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. पहिल्या अल्बमच्या वेळी याच माणसाच्या रेकॉर्डिंगवर बँडमधला एक जण नाराज होऊन निघून गेला होता. दुसऱ्या वेळी पोरं दुसऱ्या ध्वनिमुद्रकाकडं गेली. आमच्या धंद्यात असं झालं की माणूस गप्प बसतो, फार तर 'बरं झालंय' म्हणतो. अल्बिनीनं दुसऱ्याच्या हातच्या कामाला जाहीरपणे दाद दिली, कारणांसकट दिली आणि स्वतःचं नाव पणाला लावलं. त्यानं आयुष्यभर असाच व्यवहार केला. रेकॉर्डिंगची ठरलेली मजुरी घ्यायची, विक्रीतला टक्का घ्यायचा नाही, हा त्याचा नेम होता. निर्वाणाच्या 'इन युटेरो'सारख्या लाखोंनी खपणाऱ्या अल्बमलाही त्यानं तो मोडला नाही. गाणं ज्यांचं, पैसा त्यांचा.

पुढची दहा वर्षं या अल्बमनं हातोहात प्रवास केला. रेकॉर्डच्या दुकानातला पोऱ्या विश्वासातल्या गिऱ्हाइकाला काउंटरखालून काढून दाखवी, एक बँड दुसऱ्या बँडला गाडीत ऐकवी, भाऊ भावाला पाठवी. माझ्यापर्यंत तो असाच आला. १९९५ मध्ये लॅरी क्लार्कच्या 'किड्स' या चित्रपटाच्या ध्वनिफितीत 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' आलं. गिटार, बेस, ड्रम हीच वाद्यं घेऊन पण रॉकची ठरलेली चौकट मोडून वाजवणाऱ्यांसाठी १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकानं 'पोस्ट-रॉक' हा शब्द रूढ केला आणि त्या घराण्याचे मूळपुरुष म्हणून लोक स्लिंटकडं बोट दाखवू लागले. स्कॉटलंडच्या मोगवाई या बँडचं संगीत ऐका, हळू भागातून अचानक कडाडणारी ती गिटार कुठून आली हे लगेच कळेल. पाहो पुढं शिकागोच्या टॉर्टॉइज या बँडमध्ये वाजवू लागला. स्लिंटच्या पोरांबद्दल मात्र अफवाच जास्त पसरल्या. अल्बम करताना कुणाच्या तरी डोक्यावर परिणाम झाला, वगैरे. समोर माणसं नसली की लोक दंतकथा रचतात.

२००५ मध्ये इंग्लंडमधल्या 'ऑल टुमॉरोज पार्टीज' या महोत्सवाची आखणी स्लिंटकडं सोपवली गेली आणि त्या निमित्तानं ते पुन्हा एकत्र वाजले. २०१४ मध्ये टच अँड गोनं मूळ फितींवरून नव्यानं तयार केलेली या अल्बमची पेटी काढली, ३,१३८ प्रतींची. तिच्यात लान्स बँग्जचा स्लिंटवरचा माहितीपट होता. त्यात दिसतात ती भुतानं झपाटलेली पोरं नव्हेत, एकमेकांच्या खोड्या काढणारी, तळघरात तासन्‌तास एकच तुकडा घोटणारी साधी पोरं आहेत. माझ्या मनात त्यामुळं अल्बम लहान झाला नाही. उलट तो वेडातून नव्हे, रियाजातून आला, हे कळून मला फार बरं वाटलं.

७ मे २०२४ रोजी अल्बिनी गेला. वय ६१. बातमी कळली त्या दिवशी माझ्याकडं पुण्यातल्या एका कॉलेजच्या बँडचं काम चालू होतं, दोन मुलं आणि गाणारी एक मुलगी. तिचा आवाज मी मिक्समध्ये जिथं ठेवला होता, तिथं तिला पटत नव्हता. "दादा, आवाज आत वाटतोय. वर आणा ना थोडा. फोनवर ऐकणाऱ्याला कळायला नको?" तिचं चूक नव्हतं. सगळे फोनवरच ऐकतात. मी म्हटलं, आणतो, पण त्याआधी सात मिनिटं द्या मला.

स्टुडिओतला दिवा मंद केला आणि 'डॉन, अमन' लावलं. आवाजाची खुंटी आमचं काम चालू होतं तिथंच ठेवली, मुद्दाम हात लावला नाही. कुजबुज सुरू झाली. पहिलं मिनिटभर मुलगी फोनकडं बघत होती. मग तिनं फोन उलटा ठेवला. ड्रमवाला पोरगा आधी भिंतीला टेकून बसला होता, तो खुर्चीच्या कडेपर्यंत आला, कोपर गुडघ्यावर टेकवून त्यानं मान स्पीकरकडं वळवली. मीटरवरची सुई तळाशी थरथरत होती.

गिटार कडाडायला अजून अवकाश होता. मी त्यांना सांगितलं नाही.